बाजाराची सुट्टी : तिचे मूळ आणि तिचा हिशेब

दिवाळी आटोपली की आपल्या संघाच्या कार्यकारिणीपुढे एक विषय हटकून येतो, तो म्हणजे पुढील सालच्या बाजारबंद दिवसांची यादी. वरकरणी पाहता हे काम चिटणिसांनी पाऊण तासात हातावेगळे करावे असे. परंतु गेली कित्येक वर्षे मी ह्या बैठकींस हजर राहत आलो आहे, आणि एकाच बैठकीत यादी पुरी झाल्याचे मला स्मरत नाही. संवत्सरी चतुर्थीची धरावी की पंचमीची, अनंत चतुर्दशीस दुकाने उघडावीत की नाही, ईदची तारीख छापावी ती कशी, असे प्रश्न निघतात आणि चहाच्या दोन फेऱ्या होतात. मागील बैठकीत एका तरुण सभासदाने उभे राहून विचारले की, "सुट्टी म्हणजे रविवार, मग ह्या बाकीच्या दिवसांचा खटाटोप हवा कशाला?" प्रश्न उर्मटपणाचा नव्हता. त्याला त्या वेळी कोणी धड उत्तर दिले नाही; मीही दिले नाही. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला धान्याचा घाऊक व्यापारी, विद्वान नव्हे. तरी त्या प्रश्नाने डोक्यात घर केले, वाचनालयाच्या खेपा घातल्या, आणि जे हाती लागले ते स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम रविवारच पाहू. आपल्या गावी रविवार पेठ आहे, शनिवार, सोमवार, मंगळवार ह्या नावांच्याही पेठा गावोगाव आढळतात. आठवडे बाजाराच्या वारावरून पेठेस नाव पडावे ही आपल्याकडील जुनी चाल. म्हणजे वाराचा संबंध आपल्या पूर्वजांच्या मनात विश्रांतीशी नव्हता, खरेदी-विक्रीशी होता! मुळात वार हाच आपल्याकडे फार जुना नाही. भारतात वाराचा उल्लेख असलेला जुन्यातला जुना कोरीव लेख म्हणून मध्य प्रदेशातील एरण येथील बुधगुप्ताचा लेख दाखवितात. तो इसवी सन ४८४ मधील असून त्यात गुरुवार नोंदला आहे. त्यापूर्वी लोक दिवस ओळखीत तो तिथीने. अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या हे थांबण्याचे दिवस होते. पाठशाळांतून ह्या तिथींस अनध्याय असे. आपले श्रावक ह्याच तिथींस पोषध-उपवास करीत आले. सम्राट अशोकाने आपल्या पाचव्या स्तंभलेखात चातुर्मासाच्या पौर्णिमा, चतुर्दशी, अमावास्या, प्रतिपदा व उपोषणाचे दिवस नेमून त्या दिवशी मासे मारू नयेत व विकू नयेत अशी आज्ञा कोरविली आहे. राजाने बाजारातील एका जिनसेची विक्री तिथी पाहून बंद ठेवावी, ह्याला सव्वादोन हजार वर्षे होऊन गेली. तेव्हा चतुर्दशीचा बाजारबंद हा कोण्या हेकट म्हाताऱ्याचा हट्ट नव्हे, एवढे तरी आमच्या तरुण मित्राने ध्यानात घ्यावे.

सात दिवसांनी एकदा काम थांबवावयाचे, ही कल्पना यहुदी लोकांची. देवाने सहा दिवसांत सृष्टी घडविली व सातव्या दिवशी विसावा घेतला, ह्या श्रद्धेवरून ते शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सायंकाळपर्यंत कोणताही उद्योग करीत नाहीत. ह्याचे एक उदाहरण आपल्या कोकणातच आहे. कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे हल्लीच्या रायगडात, बेने इस्रायल मंडळी पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी त्यांचा घाणा बंद म्हणजे बंद. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नाव दिले 'शनवार तेली'. बोली मराठी, वेश मराठी, आडनावे गावावरून पडलेली. पण एका बंद घाण्याने त्यांची ओळख शतकानुशतके शाबूत राखली. धंदा करणाऱ्याची सुट्टी ही त्याची पाटी असते, असे मला हे वाचताना वाटले.

ख्रिस्ती लोकांनी सातव्या दिवसाऐवजी ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाचा वार म्हणून रविवार मानला. त्यास राजाज्ञेचे बळ मिळाले ते रोमन सम्राट कॉन्स्टंटाईन ह्याच्या हुकमाने, ७ मार्च ३२१ रोजी. न्यायाधीश, नगरवासी व कारागीर ह्यांनी सूर्याच्या वारी काम बंद ठेवावे, असा तो हुकूम आहे. त्यातील एक अपवाद मात्र मला फार आवडला. शेतकऱ्यांना त्याने मोकळीक ठेविली, कारण धान्य पेरण्यास किंवा द्राक्षवेल लावण्यास योग्य असा दिवस नेमका रविवारीच येतो आणि हुकमापायी तो हातचा गेला तर नुकसान भरून निघत नाही. सोळा-सतरा शतकांपूर्वीच्या त्या बादशहाला वापसा कळत होता!

मुसलमानांचा शुक्रवार ह्याहून निराळा. जुम्म्याच्या नमाजाची हाक ऐकू येताच खरेदी-विक्री सोडून या, असे कुराणात सांगितले आहे. परंतु नमाज झाल्यावर पुन्हा पांगून आपापल्या उद्योगास लागा, असेही तेथेच आहे. म्हणजे मूळ आज्ञा दिवसभर बाजार मोडण्याची नाही, दुपारच्या तास-दीड तासाची आहे.

आता आपल्या देशातील रविवार. इंग्रजांच्या कचेऱ्या रविवारी बंद असत, पण गिरणीतल्या कामगाराला त्याचा काय उपयोग? तो वाफेच्या यंत्राबरोबर उठे आणि यंत्राबरोबर थांबे. महात्मा जोतीराव फुले ह्यांचे सहकारी व 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची सभा उभी केली, अर्ज केले, सभा भरविल्या, आणि अखेर १८९० साली गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. रविवार हा खंडोबाचा वार, त्यामुळे तो मराठी कामगारास परका वाटला नाही. पुढे १९४२ च्या साप्ताहिक सुट्टीच्या कायद्याने दुकानांतील नोकरांचाही विचार झाला. आपण दुकानाच्या फळ्या लावून रविवारी घरी निजतो ती झोप एका मराठी माणसाने सहा वर्षे झगडून मिळविलेली आहे.

सुट्टीची कायद्यातली बाजू तर खास आपल्या धंद्यातूनच निघाली, हे पुष्कळ व्यापाऱ्यांसही ठाऊक नसते. 'सार्वजनिक सुट्टी' म्हणजे काय ह्याची व्याख्या सापडते ती १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टाच्या पंचविसाव्या कलमात. बिल किंवा प्रॉमिसरी नोट ज्या दिवशी पिकते तो दिवस सुट्टीचा निघाला तर पैसे केव्हा द्यावयाचे, हा तेथील प्रश्न. मूळ कायद्यात रविवार, नववर्षदिन, नाताळ व गुड फ्रायडे ही नावे घालून 'आणि सरकार जाहीर करील तो दिवस' असे म्हटले होते. पुढे रविवार तेवढा राहून बाकीची नावे गेली व सर्व भिस्त सरकारच्या जाहीरनाम्यावर आली. आणि उत्तर काय, तर मुदत सुट्टीच्या दिवशी भरत असेल तर लगतच्या आधीच्या कामकाजाच्या दिवशी पैसे देय होतात, नंतरच्या नव्हे. आमच्यातले निम्मे लोक हे उलटे समजून चालतात.

असो. खरी गुंतागुंत वारात नाही, ती चंद्रात आहे.

चंद्राचे बारा महिने म्हणजे सुमारे ३५४ दिवस. सूर्याचे वर्ष सुमारे ३६५ दिवसांचे. दर साली अकरा दिवसांची तूट. पोत्यामागे ठरावीक घट धरावी तशी ही तूट जगातील प्रत्येक पंचांगाला कोठेतरी नावे टाकावीच लागली, आणि प्रत्येक समाजाने ती आपापल्या रीतीने टाकली. आपण ती साचू देतो, आणि साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी महिनाभराची झाली की एक अधिक मास घालून खाते चुकते करतो. २०२३ साली अधिक श्रावण आला, त्यानंतरचा २०२६ चा अधिक ज्येष्ठ. (अधिक मासात लग्ने थांबतात म्हणून बाजार मंद असतो असे म्हणतात, पण जावयाच्या धोंड्यासाठी हरभराडाळ आणि गूळ असा काही उठतो की माझी त्या महिन्याविषयी कधी तक्रार नाही.) यहुदी लोकही महिना वाढवितात, त्यांच्या पंचांगात एकोणीस वर्षांत सात वेळा. पारशी बंधूंनी वर्ष नेमके ३६५ दिवसांचे धरले, पण चार वर्षांनी येणारा जादा दिवस धरला नाही. म्हणून वसंतातले त्यांचे नवे वर्ष सरकत सरकत शहेनशाही पंथात ऑगस्टात येऊन बसले आहे. इस्लामपूर्व अरबांतही महिना वाढविण्याची चाल होती. कुराणात तिचा निषेध झाला. तेव्हा मुसलमानांनी ती तूट भरावयाचीच नाही असे ठरविले. परिणामी त्यांचा प्रत्येक सण दर साली अकरा दिवस अलीकडे येतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून पुन्हा जागेवर येतो. शेतसारा मात्र पिकावर अवलंबून; तो फिरत्या वर्षाने कसा गोळा व्हावा? म्हणून अकबराच्या काळी फसली साल निघाले. हैदराबादकडील आपल्या सभासदांच्या घरी जुन्या बाडांवर अजूनही ते दिसेल.

हा सिद्धान्त मी पुस्तकात वाचला तो अलीकडे. शिकलो होतो तो १९८३ सालच्या जुलैत, आणि त्याची फी भरून.

त्या वेळी मी चोवीस वर्षांचा. अण्णांनी नुकतीच मालाच्या आवकेची व्यवस्था माझ्याकडे सोपविली होती. विजापूरकडून ज्वारीच्या दोन गाड्या यावयाच्या होत्या. भिंतीवरच्या कॅलेंडरात ईद कोणत्या तारखेस आहे ते पाहून मी गाड्या त्याच्या दुसऱ्या दिवशी बोलाविल्या व स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. कॅलेंडरातील तारीख हा अंदाज असतो. मुसलमानी महिना चंद्र दिसेल तसा एकोणतीस किंवा तीस दिवसांचा होतो, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. त्या साली ईद एक दिवस पुढे गेली. आमचे बहुतेक हमाल मुसलमान. सकाळी गाड्या दारात उभ्या, आकाश फाटलेले, पेठेत एक हमाल नाही. एका गाडीची ताडपत्री मध्येच उसवलेली होती, ते दुपारी कळले. संध्याकाळपर्यंत वरच्या थरातील पोती भिजून जड झाली. शिवाय गाडीवाल्याने थांबल्याचे भाडे मागितले ते वेगळेच. दुसऱ्या दिवशी मुकादम कामावर आले तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून चारचौघांत त्यांना नको ते बोललो. ते माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी मान खाली घातली आणि पोत्याला हात लावला.

अण्णा त्या वेळी काही बोलले नाहीत. रात्री रोजकीर्द लिहिताना भिजलेल्या ज्वारीची नुकसानी त्यांनी माझ्या नावे टाकली, आणि तपशिलात लिहिले, 'शिक्षण खर्च'.

भाद्रपदात दशलक्षण पर्व आले. अनंत चतुर्दशी झाली, क्षमावणीचा दिवस उजाडला. मंदिरातून घरी आल्यावर अण्णा म्हणाले, "सगळ्या पाहुण्यांना हात जोडून आलास. ज्याला बोललास त्याच्याकडे कधी जाणार?" मी मुकादमांच्या घरी गेलो. काय बोलावे ते सुचेना. शेवटी तेच म्हणाले, "धाकटे सावकार, चाँद काय माझ्या हातात असतोय व्हय? बसा, पाणी घ्या." त्यानंतर ते वारेपर्यंत दर वर्षी रमजानच्या शेवटच्या आठवड्यात ते स्वतः दुकानात येऊन सांगत, "ह्या दोन दिवसांत गाडी घेऊ नका."

ज्या पर्वाने मला त्यांच्या दारात नेले, त्याच्या तारखेचीही एक हकीकत आहे, आणि ती आपल्या महाराष्ट्रातली आहे. पर्युषण म्हणजे साधूंनी पावसाळ्यात एके ठिकाणी स्थिर राहणे. आषाढी पौर्णिमेपासून एक महिना वीस दिवसांच्या आत ते निश्चित व्हावे, ती मर्यादा ओलांडू नये, असा कल्पसूत्राचा दंडक. पौर्णिमेपासून पन्नास दिवस मोजले की भाद्रपद शुद्ध पंचमी येते. श्वेतांबरांची संवत्सरी मूळची त्या दिवसाची. परंपरा सांगते की कालकाचार्य प्रतिष्ठानास, म्हणजे आपल्या पैठणास आले असता तेथील सातवाहन राजा त्यांना म्हणाला, "पंचमीस आमच्याकडे इंद्रमहोत्सव असतो, प्रजेबरोबर मला तेथे जावे लागते. संवत्सरी षष्ठीस केली तर?" आचार्य म्हणाले, पंचमी ओलांडता येत नाही. "मग चतुर्थीस?" आचार्यांनी विचार केला आणि ते मान्य केले. मर्यादेच्या आत येता येते, बाहेर जाता येत नाही. बिलाच्या मुदतीचा न्याय थोडासा असाच नाही का? तेव्हापासून मूर्तिपूजक श्वेतांबर बहुधा चतुर्थी धरतात, स्थानकवासी पंचमी धरतात, आणि आम्हा दिगंबरांचे दशलक्षण पर्व पंचमीपासूनच सुरू होऊन चतुर्दशीस पुरे होते. त्यातून श्रावण अधिक आला म्हणजे पन्नास दिवस कोठून मोजावयाचे ह्यावरून गच्छागच्छांत मतभेद होतो तो वेगळाच. कार्यकारिणीत दर वर्षी जो वाद निघतो त्याचे मूळ हे असे पैठणच्या राजसभेत आहे; तो माझ्या हयातीत मिटेल असे मला वाटत नाही, आणि मिटावाच असा माझा आग्रहही नाही. चतुर्थीस गणपती येतात म्हणून बाजार बंद असतोच. गोव्यात तर चवथीच्या दिवसांत व्यापारी फोनही उचलीत नाही.

दिवाळीविषयी आपणांस नव्याने काय सांगावे? भगवान महावीरांचे निर्वाण पावापुरीस त्या अमावास्येच्या रात्री झाले. ज्ञानाचा दीप मालवला म्हणून नऊ मल्ल व नऊ लिच्छवी अशा अठरा गणराजांनी दिवे लाविले, असे कल्पसूत्र सांगते. शके ७०५ मध्ये, म्हणजे इसवी सन ७८३ साली, जिनसेनाचार्यांनी हरिवंशपुराण पुरे केले. त्यात ह्या निर्वाणोत्सवाला दीपालिका हे नावच आले आहे. वीर निर्वाण संवत् इसवी सनापूर्वी ५२७ पासून मोजतात तो ह्याच रात्रीवरून. त्याच वेळी गौतम गणधरांस केवलज्ञान झाले, म्हणून वहीपूजनात त्यांचे नाव लिहितात. वैष्णवांची दिवाळी निराळी, आणि शीख बंधूंची आणखी निराळी. जहांगीराने ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कोंडलेले गुरु हरगोविंद सुटले, आणि आपल्याबरोबर बावन्न राजांना सोडवून अमृतसरला परतले, त्याची आठवण शीख लोक दिवाळीस करतात. ग्वाल्हेरच्या आपल्या सभासदांना तो किल्ला रोज दिसतो.

येथे इंदूर-ग्वाल्हेर व आपल्याकडील मंडळींत पत्रव्यवहारात जो घोटाळा होतो त्याचाही खुलासा करून टाकतो. आपला महिना अमावास्येस संपतो, उत्तरेकडचा पौर्णिमेस. म्हणून दिवाळीची अमावास्या आपल्या लेखी आश्विनातली, त्यांच्या लेखी कार्तिकातली. दिवस एकच. शुक्ल पक्षात दोघांचा महिना जुळतो, वद्य पक्षात त्यांचा एक पुढे असतो. बडोद्याचा विक्रम संवत् कार्तिकात बदलतो आणि इंदूरचा चैत्रात, हेही हिशेब पाठविताना लक्षात असावे.

ख्रिस्ती सणांत दोन जाती आहेत. नाताळ पक्क्या तारखेचा. २५ डिसेंबरची सर्वांत जुनी नोंद रोम येथील, इसवी सन ३३६ ची. जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्तही तसेच. ते १५५२ साली ३ डिसेंबरास वारले, फेस्त त्याच तारखेस. ईस्टर मात्र चंद्रावर चालतो. ३२५ साली निकाया येथे भरलेल्या धर्मसभेनंतर जो नियम रूढ झाला तो असा की, २१ मार्च किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार तो ईस्टर. त्याच्या दोन दिवस आधी गुड फ्रायडे. ही पौर्णिमा बहुधा आपली चैत्री पौर्णिमाच निघते, आणि महावीर जयंती चैत्र शुद्ध त्रयोदशीस. म्हणून २०२३ साली ४ एप्रिलला महावीर जयंती आणि ७ एप्रिलला गुड फ्रायडे असे दोन्ही एका आठवड्यात आले. पण २०२४ साली होळीचीच पौर्णिमा २१ मार्चच्या पुढे पडली, तेव्हा गुड फ्रायडे २९ मार्चला आणि महावीर जयंती तब्बल तीन आठवड्यांनी, २१ एप्रिलला. हिशेब बंद करण्याच्या ऐन दिवसांत हे सण येतात, म्हणून मी दर वर्षी जानेवारीतच ही पौर्णिमा पाहून ठेवतो.

यादीपुरते माझे सांगणे थोडके आहे. ईदपुढे 'चंद्रदर्शनानुसार' हे शब्द न विसरता छापावेत आणि त्याच्या मागचा-पुढचा एक दिवस जड मालाच्या गाड्या घेऊ नयेत. संवत्सरीचे दोन्ही दिवस यादीत दाखवावेत. ज्याला जो पाळावयाचा तो पाळील. आणि यादीची एक प्रत हमालांच्या मुकादमांस आधी वाचावयास द्यावी, छापल्यानंतर नव्हे.

२०१६ साली ईद फिरत फिरत पुन्हा जुलैत आली. तेहतीस वर्षे झाली होती. मुकादमकीवर आता त्यांचा मुलगा आहे. मी ज्वारी आठवडाभर आधीच उतरवून घेतली होती, दुकानात कोणी नव्हते, बाहेर पाऊस तसाच कोसळत होता. चंद्र कोणत्या संध्याकाळी दिसला ते मला कळले ते सकाळी, त्यांच्या घरचा लहान मुलगा छत्री सावरीत खजुराचा पुडा घेऊन पायरीवर उभा राहिला तेव्हा.